खिशातला चाप

पहिल्याच भेटीत मी त्याला कमरेचा पट्टा काढायला लावला.

काय करणार? मोजणी खात्याकडून चार दिवसांसाठी माळावर आलेला हा नकाशेवाला, लोखंडी बक्कल मिरवत थेट माझ्या यंत्राला खेटून उभा. जमिनीखालची भिंत, भाजलेली माती यंत्राला वरूनच कळते, पण जवळ लोखंड आलं की ते बिथरतं. मी त्याच्या किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं उतरवून घेतलं. एका हाताने पँट सावरत तो शांतपणे म्हणाला, "आणि तुमच्या केसांत?"

माझाच चाप! मावशीने दिलेला, स्टीलचा. तोंड लपवावंसं वाटलं. "ठेवा कुठेतरी," म्हणत मी तो त्याच्या हातात कोंबला आणि मोकळ्या केसांनीच कामाला लागले.

पुढचे तीन दिवस तो लांब कडेला दोरी ताणून धरायचा आणि मी यंत्र घेऊन त्या रेषेत चालायची. माझी बदकासारखी चाल तो करून दाखवायचा, मी डोळे वटारायची. चाप मागायचं रोज राहून जायचं. खरं सांगू? मीच राहू देत होते.

चौथ्या दिवशी पाचपर्यंत, खाली जुनी वस्ती आहे हे दाखवणारा नकाशा पुरातत्त्व खात्याला पाठवायचा होता. नाहीतर सोमवारी त्या माळावर गोदामाचा पाया खणणार होते. तोवर आम्हाला एकच भिंत दिसली होती, आणि एकट्या भिंतीला कोण विचारतं? ती माळाच्या शेवटच्या, न मोजलेल्या तुकड्यात शिरत होती. माझा खांदा पार भरून आला होता, म्हणून तो तुकडा त्याने चालून काढला.

तीन वाजता लॅपटॉप उघडला... आणि नुसते पट्टे. एक ओळ काळी, एक पांढरी. म्हणजे यंत्राजवळ लोखंड होतं. मला रडूच फुटलं.

"खिशात काय आहे?" मी विचारलं.

त्याने हात बाहेर काढला. माझा चाप.

"परत द्यायचाच होता..." तो खाली बघत म्हणाला. "पण दिला असता, तर उद्यापासून तुमच्याशी बोलायला निमित्त काय राहिलं असतं?"

असा राग आला होता म्हणून सांगू... आणि त्याच रागात आतून गोडही वाटत होतं, त्याचा वेगळा राग. मी यंत्र उचललं. चाप लांबच्या दगडावर ठेवून तो दोरीकडे धावत सुटला.

पावणेपाचला नकाशा ओळीओळीने भरू लागला. भिंत वळली. पुन्हा वळली. एक खोली, तिला लागून दुसरी, मध्ये दाराएवढी फट. आणि आतल्या कोपऱ्यात एक काळा गोल डाग.

"चूल," मी कुजबुजले. कोणीतरी तिथे रोज जाळ केला होता, इतका की मातीने तो अजून धरून ठेवला होता. वर नुसतं गवत हलत होतं.

नकाशा पाठवला. दहा मिनिटांत फोन आला, पाया थांबवलाय.

त्याने चाप आणून पुढे धरला. मी पाठ केली. "लावा आता तुम्हीच."

त्याने लावलेला चाप तिरकाच बसला. मागून हळूच आवाज आला, "तू मला फार आवडतेस."

"माहीत आहे," मी म्हटलं, "अख्ख्या नकाशावर उमटलंय."

आणि मग मी वळले. आम्ही बरोबर त्या चुलीवर उभे होतो.