रुमाल टाकून धरलेली जागा

खोटं वाटलं तर माझ्या पासपोर्टवरचा व्हिएतनामचा शिक्का दाखवते. फोनमधला शीतलचा कॉलही अजून पुसलेला नाही.

१२ जानेवारी २०२५. रविवार. डोंग वान नावाचं डोंगरातलं गाव. दुपारचे दोन.

मी ज्योत्स्ना, जळगावच्या पिंप्राळ्याची. धाकटी बहीण शीतल आणि मी, पाठीवर सॅक अडकवून दहा दिवस फिरायला गेलो होतो. निघताना आबांनी खांद्यावरचा आपला मोठा बागायती रुमाल माझ्या गळ्यात टाकला. एका कोपऱ्यात आईने निळ्या दोऱ्याने शिवलेला.

"शीतलला एकटी सोडू नको," एवढंच म्हणाले.

सकाळपासून बाजारात शीतलचं एकच चाललं होतं. ही पिशवी घेऊ का, ती घेऊ? बसची वेळ झाली तरी बाईसाहेब हलेनात.

"अक्का, तू हो पुढे. पाच मिनिटांत आले."

मी तणतणत स्टँडवर आले. बसला ही गर्दी! सवयीने हात चालला. अमळनेर स्टँडवर करतो तसंच, खिडकीतून रुमाल आत टाकला आणि शीतलची जागा धरली.

मग आत जाऊन खिडकीशी बसले. माणसं उभी होती, तरी त्या रुमालावर कुणी बसलं नाही. मला आपलं कौतुक वाटलं.

बस सुटायला आली आणि…

शेजारची गादी खचली.

"आलीस एकदाची?"

"हाव."

मी इतकी चिडले होते की मान वळवली नाही. बस निघाली. खिडकीबाहेर बघतच मी तिला झाडत राहिले.

"आबांना फोन केलास?"

"हाव."

"पाणी घेतलंस?"

"हाव."

मग माझ्या लक्षात आलं…

शीतल ‘हो’ म्हणते. अहिराणी बोलत नाही. तिला लाज वाटते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, शीतल.

"अक्का, कुठे गेलीस गं? आत्ता तर इथे स्टँडच्या बाकावर माझ्याजवळ बसली होतीस!"

मी वळले.

शेजारी कुणीच नव्हतं. रुमालही नव्हता. फक्त खचलेली गादी… हळूहळू वर येत होती.

मी किंचाळले. ड्रायव्हरने बस थांबवली. रस्त्यात एका मोटारसायकलवाल्याला हात जोडले आणि त्याच्या मागे बसून परत आले. आबांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

शीतल बाकावर होती. धडधाकट. मी तिला मिठी मारून रडले.

मग दिसलं… तिच्या गळ्यात आबांचा रुमाल होता.

"तूच तर दिलास," ती म्हणाली. "म्हणालीस, बस इथे, जागा धरेल शे." जागा धरलेली आहे. तेही अहिराणीत.

तो रुमाल मी तिथेच कचराकुंडीत टाकला. माझ्या हाताने.

घरी कुणाला बोललो नाही. शीतल तर विसरूनही गेली.

गेल्या महिन्यात मी धुळ्याला कुंदामावशीकडे गेले होते. आई-आबा साक्रीला. शीतल तापाने फणफणलेली, घरी एकटी. परतताना अमळनेरजवळ एसटीतून तिला फोन केला.

"गोळी घेतलीस का गं?"

"अक्का, हळू बोल ना…" तिचा आवाज जड होता. "जवळच तर बसलीयस. फोन कशाला करतेस?"

फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

अमळनेर ते जळगाव मी कशी आले, मला आठवत नाही.

दाराला आतून कडी होती. हाका मारून घसा बसला, तेव्हा शीतलने उघडलं आणि भेलकांडत पुन्हा पलंगावर जाऊन पडली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

पलंगाला लागून एक खुर्ची ओढलेली होती.

खुर्चीवर रुमाल पसरलेला…

कोपऱ्यात निळा दोरा.

"हे कुणी ठेवलं?" मी विचारलं.

तिने डोळेही उघडले नाहीत. नुसती हसली.

"जागा धरेल शे, अक्का."

शीतल आता बरी आहे. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. पण तेव्हापासून मी तिच्या शेजारी बसायच्या आधी जागेवर हात फिरवून बघते.

कालही फिरवला. जागा गरम होती.