सोमवारी आलेलं खोकं

"मिस्तरी कुठं आहेत जी?"

आवाज वरून आला. मी एका कारच्या डॅशबोर्डखाली उताणी पडलेली, हातात टेस्टर, नाकावर घाम. तशीच मुंडकं बाहेर काढून म्हणाले, "मिस्तरीच बोलून राहिली. सांगा."

तो दचकला नाही, इथूनच सगळी भानगड सुरू झाली. उमरेड रोडवरच्या आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो, मग बाहेरच्या 'मनोहरराव ऑटो इलेक्ट्रिक' या पाटीकडे, मग आत खुर्चीवर बसलेल्या माझ्या बाबांकडे. साखरेनं बाबांची नजर अधू केली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पाना-पक्कड माझ्याच हातात आहे, पण लोकांच्या ते गळी उतरेल तर शपथ! हा मात्र एवढंच म्हणाला, "मंग हिले पाहता का?" आणि मागे उभ्या पिकअपकडे त्यानं असं बघितलं की जणू घरची म्हैस आजारी पडली आहे.

त्याचं नाव अश्विन. गाव उमरेडच्या पलीकडे, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. गावाचं दूध गोळा करून रोज नागपूरला आणायचा. पोळा नुकताच झाला होता, काळ्या मातीचा नुसता चिखल, मध्ये एक नाला. त्या चार किलोमीटरमध्ये पावसाळ्यात फक्त त्याचीच गाडी चालायची, कारण तिची चारही चाकं जोर लावायची. आता ती लावेनात. बटण फिरवलं की हिरवा दिवा नुसता डोळे मिचकावायचा.

मी मशीन जोडलं, सीट काढली, खालची काळी पेटी उघडली. वहीएवढी असते ती. चारही चाकांना ताकद द्यायची की दोनांनाच, ते हीच ठरवते. आत पाणी शिरून तांब्यावर हिरवी बुरशी चढली होती.

"कंट्रोल मॉड्यूल गेलं," मी म्हणाले. "पुण्यावरून मागवावं लागन. सहा दिवस."

"तोवर दोन चाकांवर घेऊन जाऊ का?"

"खालची मोटरही जाम आहे, ती उतरवतो. गाडी आता हलत नाही."

त्यानं मान डोलावली. "बरं. मी येत जाईन पाहाले."

"पाहाले काहून? फोन करा नं."

"फोनवर चहा भेटत नाही," तो म्हणाला आणि हसला. काय सांगू, मेल्याला गालावर खळी होती, आणि तीही एकाच!

दुसऱ्या दिवसापासून दूध बैलगाडीनं डांबरी रोडपर्यंत यायचं. तिथून त्याच्या मित्राचा, जितेंद्रचा टेम्पो ते नागपूरला न्यायचा. त्याच टेम्पोतून अश्विन सकाळी दहाला आमच्या दारात उतरायचा. कधी काकडी, कधी कोवळ्या शेंगा, एकदा तर किटलीभर खरवस. बाबा खूश. मी तोंड वाकडं करून म्हणायची, "गाडी अजून तशीच आहे हो." तो म्हणायचा, "असू द्या. मी कुठं काय म्हणून राहिलो?"

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजला. त्याची आई, बायजाबाई. एकुलत्या पोरावर आणि सहा म्हशींवर राज्य करणारी बाई! तिनं सरळ मला फोनवर मागितलं.

"कधी देतेस वं माह्या पोराची गाडी?"

"पार्ट आला की देतो, काकू."

"पार्ट का येऊन राहिला, वरात येऊन राहिली? आन ऐक, हा घरी सारखा तुह्याच गोष्टी करते. मिस्तरीन अशी, मिस्तरीन तशी... कामात हुशार हायेस का नुसती बोलाले?"

फोन परत केला तेव्हा अश्विनचे कान लाल झाले होते, आणि माझेही काही कमी नसावेत.

शनिवारी धो धो पाऊस आला. टिनाखाली आम्ही दोघं, हातात चहाचे कप. पाण्याचे शिंतोडे उडून चहात पडत होते. तो माझ्याकडे बघत होता... मी बघत नव्हते, म्हणजे बघत होते, पण त्याला कळू न देता.

"गालाले ग्रीस लागलं तुह्या," तो म्हणाला. तुमच्या नाही, तुह्या.

"कुठं?"

"राहू दे वं. चांगलं दिसते."

त्या रात्री मी आरशासमोर किती वेळ उभी होते ते विचारू नका. ग्रीस कधीच धुतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी आवडलं होतं, आणि अगदी जीव जाईल इतकं आवडलं होतं.

सोमवारी साडेनऊला खोकं आलं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. नवा पार्ट गिऱ्हाइकासमोरच फोडायचा, आणि खोकं आल्याबरोबर बाबा त्यावर मार्करनं गाडीचा नंबर लिहितात. नजर अधू, म्हणून आकडे वीतभर मोठे. त्यांनी तसा लिहिला, मी ते रॅकवर ठेवलं. आणि दहाला टेम्पोतून अश्विन उतरला.

"आलं का?"

खोकं बसवायचं, गाडी द्यायची, संपलं. गाडी नीट झाली की गिऱ्हाईक परत येत नाही, आलं तर भांडायलाच. त्याला आमच्या दारात उतरायचं कारणच उरलं नसतं. मी एवढी तोंडाळ बाई, पण 'तरी येत जा' हे तीन शब्द मला म्हणता येईनात. बाबा आत झोपले होते.

"नाही," मी म्हणाले. "खोकं उद्या येईन."

तो गेल्यावर मी खोकं फिरवून नंबर भिंतीकडे केला. मंगळवारीही तेच; बाबा त्या दिवशी घरीच होते. "पावसानं गाड्या अडकल्या असतील," मी म्हणाले. तो रॅकजवळच्या स्टुलावर दुपारपर्यंत बसला, निवांत, आणि जाताना म्हणाला, "उद्या येतो मग, काजल." माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं. दिवसभर मी हवेत होते.

बुधवारी तो आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. दीडला फोन.

"माय पडली," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "सकाळी सहाले, गोठ्यात. तोंड वाकडं झालं. अँबुलन्स नाल्याच्या अलीकडं येईच ना. बैलगाडीत टाकून आणली... तीन तास लागले रोडवर याले. बैल बसले चिखलात."

मी फोन ठेवला आणि खोकं उतरवलं. मॉड्यूल बसवलं, मोटर चढवली, लॅपटॉप लावून गाडीशी ओळख करून दिली. हिरवा दिवा एकदाही न मिचकावता लागला. चाळीस मिनिटं. एवढंच काम होतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले.

पिकअप घेऊन दवाखान्यात गेले. तो बाहेरच्या बाकावर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्या काही तासांत द्यायचं एक इंजेक्शन असतं, ती वेळ निघून गेली. जीव वाचेल. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

किल्ली त्याच्या हातात देताना मला राहवलं नाही. "अश्विन... खोकं सोमवारीच आलं होतं. मी खोटं बोलली. तू येत राहावा म्हणून."

मला वाटलं, ओरडेल. मारलं असतं तरी चाललं असतं.

"मालूम होतं मले," तो म्हणाला.

"काय?"

"मंगळवारी पाहिलं. तू भिंतीकडं फिरवून ठेवलं होतं, पण बाबानं बाजूलेही नंबर लिहिला होता, स्टुलावरून दिसे. एवढा मोठा. माह्या गाडीचा नंबर मले दिसणार नाही का?"

"मंग बोलला काहून नाही तू?"

"तू काहून बोलली नाही?" त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते. "मले वाटलं, अजून एक दिवस येता येईन. एका दिवसानं काय होते..."

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवला नाही. आम्ही दोघं तसेच बसलो, आणि मला कळत होतं की हा हात मला यापुढे धरता येणार नाही.

बारा दिवसांनी बायजाबाईंना दवाखान्यातून सुट्टी झाली. मी गेले होते, जायला नको होतं. पिकअपमध्ये मागे गादी टाकून तिला निजवलं. मी पांघरूण सारखं करायला वाकले, तर तिनं डावा हात उचलून माझ्या गालावर ठेवला. तिला काही ठाऊक नव्हतं. ओठ हलले, नुसता आवाज आला... त्यात शब्द नव्हता. फोनवर मला झापणारी ती बाई!

अश्विन तोंड फिरवून उभा राहिला.

"मी येऊ का गावाले?" मी विचारलं. "मायचं करीन मी. सगळं करीन."

"तू आली तर माय तुह्यावर जीव लावन," तो म्हणाला. "आन मी रोज ते पाहीन. तुह्याच्यानं होईन का? माह्याच्यानं नाही होणार, काजल."

"माहा जीव आहे तुह्यावर."

"मालूम आहे. माहाही आहे नं... म्हणून तर हे झालं."

तो गाडीत बसला. मी खिडकीशी गेले. "फोन तरी करू?"

त्यानं गाडी सुरू केली.

"नको करू," तो म्हणाला. "मी उचलीन."

अकरा महिने झाले. त्याचा नंबर मला पाठ आहे. मी केला नाही.