ईरम्माला न्यायला आलेली गाडी

श्रीदेवी पुण्याहून आली की तिचा पाय घरात ठरत नाही. माझी धाकटी बहीण ती. या खेपेला आल्या आल्या म्हणाली, "महानंदा, एक दिवस गाडी करू या, ड्रायव्हरसकट. नळदुर्गचा धबधबा बघू, येताना अक्कलकोटला दर्शन घेऊ आणि संध्याकाळी घरी. अव्वालाही नेऊ."

श्रावण होता, पंचमी तोंडावर आली होती. आमचं चादरीचं दुकान एक दिवस बंद राहिलं म्हणून सगळं सोलापूर काही थंडीनं कुडकुडणार नव्हतं. म्हटलं, जाऊ.

गाडी सकाळीच दारात आली. ड्रायव्हर शहाजी, बार्शीकडचा, तिशीतला, तोंडाला खळ नसलेला माणूस. अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, त्यानं हाताला धरून बसवलं. ती सवयीनं कन्नडमध्ये काही बोलली, तसा तो म्हणाला, "आज्जी, आपल्याला कन्नड न्हाय येत. एकच शब्द येतोय बघा, गोत्तिल्ला. म्हंजे ठाऊक न्हाय!"

अव्वा एवढी हसली की कवळी सावरावी लागली. मग गाणी लागली, शेंगाचटणी-भाकरीचा डबा गाडीतच उघडला, आणि नळदुर्ग कधी आलं कळलंसुद्धा नाही.

आमच्या अव्वाबद्दल सांगायला हवं. तिचं नाव ईरम्मा, माहेर मैंदर्गी. अक्कलकोटच्या थोडं पुढं. एवढं जवळ, पण लग्न होऊन सोलापूरला आल्यापासून ती माहेरी गेलीच नव्हती. पहिल्या पंचमीला तिचा थोरला भाऊ निंगप्पा बैलगाडी जुंपून तिला न्यायला निघाला आणि वाटेत बोरी नदीच्या पुरात सापडला. बैल पोहून घरी आले. निंगप्पा काही मिळाला नाही. अव्वा म्हणाली, "अण्णा न्यायला येतो म्हणालाय. तो आला की जाईन." नंतर माहेरची माणसं किती वेळा येऊन विनवून गेली. ही त्यांना पोटभर जेवू घालायची आणि परत पाठवायची. दर पंचमीला मात्र नवं लुगडं नेसून दिवे लागेपर्यंत उंबऱ्यात बसायची. आम्ही दोघी त्या उंबऱ्यावरून उड्या मारत मोठ्या झालो.

धबधबा त्याच बोरीचा, भरून पडत होता. अव्वाचे गुडघे दुखतात, म्हणून ती गाडीतच थांबली. "मी हाय की आज्जीजवळ. तुमी या निवांत," शहाजी म्हणाला. आम्ही दोघी पोरींसारख्या भिजलो, फोटो काढले, कणसं खाल्ली.

परत आलो तर अव्वा पुढच्या सीटवर बसली होती. गालांत हसत कन्नडमध्ये बोलत होती. आणि शहाजी उत्तरं देत होता. शहराचं कन्नड नव्हे, आमच्या सीमेकडचं, अव्वाच्या तोंडचं. आवाज जरा घोगरा, सावकाश.

"बघ, फसवलं की यानं आपल्याला!" श्रीदेवी मागं बसत म्हणाली. आम्ही हसलो. तो मात्र हसला नाही. समोर बघत त्यानं गाडी सुरू केली.

अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. गाणी बंद होती. गाडी हळू चालली होती. खूपच हळू. मागून ट्रक हॉर्न वाजवत पुढं जात होते, एक सायकलवालाही गेला.

"शहाजी, काय बिघडलं का हो गाडीचं?"

तो जिभेनं टक् टक् असा आवाज करत होता. बैलांना हाकताना करतात तसा. गाडीत ओल्या कडब्याचा आणि शेणाचा वास भरला. मी काच खाली केली. बाहेरच्या हवेत वास नव्हता. तो आतूनच येत होता...

अक्कलकोट आलं आणि गेलं. गाडी थांबली नाही.

"अहो, दर्शन घ्यायचं होतं ना..." श्रीदेवी कुजबुजली. तिनं फोन काढला. रेंज नव्हती.

"गप्प बसा गं," अव्वा पुढून म्हणाली. "मध्ये बोलू नका. वाट चुकेल त्याची."

मी धीर करून शहाजीच्या खांद्यावर हात ठेवला. शर्ट चिंब होता. विहिरीतून काढलेल्या घागरीसारखा गार. मी हात मागं घेतला. त्यानं मान वळवली नाही. हळूच म्हणाला, "अंजब्याडवा..."

घाबरू नको, पोरी. मामानं भाचीला म्हणावं, तसं.

मैंदर्गीत त्यानं कुणाला काही विचारलं नाही. एका बोळातून वळला, दुसऱ्यातून वळला आणि एका निळ्या दारासमोर थांबला. दारात एक बाई उभी होती. माझ्या मामेभावाची बायको, दाक्षायणी. कपाळावर घाम, हाताला पीठ.

"या, आत्ती, या! पाणी तापलंय. पुरणही झालंय."

"आम्ही येणार हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"सकाळी एकजण आला की, तुमच्याकडचाच ना? दारातूनच म्हणाला, ईरम्माला आणायला निघालोय, पुरण घाला. आत या म्हटलं तर थांबला न्हाय." ती जरा घुटमळली. "डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला हो. आमच्याकडं तर चार दिस थेंब न्हाय..."

मागं गाडीचं दार वाजलं. शहाजी खाली उतरून डोळे चोळत होता.

"ताई... कुटलं गाव ह्ये?"

"मैंदर्गी. तुम्हीच आणलंत."

"मी?" त्याचा चेहरा उतरला. "नळदुर्गला आज्जी म्हणाल्या, पुढं बसते. मी दार लावलं, अन् मग... डोळा लागला वाटतं माझा."

मी त्याचा शर्ट चाचपला. ठणठणीत कोरडा होता.

अव्वाला या कशाचं काही नव्हतं. ती केव्हाच आत गेली होती. कुठली खोली कुठं, चूल कुठं, तुळई कुठली, सगळं दाक्षायणीला तीच दाखवत होती. रडली नाही, आम्ही दोघी मात्र रडलो. मग जेवणं झाली. शहाजी आधी गाडीतच बसून राहिला होता, पण पुरणपोळीवर तुपाची धार पडलेली बघितली आणि भीती विसरला. दाक्षायणीला वाढून वाढून दम लागला. अंगणातल्या लिंबाला पंचमीचा झोका बांधला होता. अव्वा म्हणाली, मला बसवा. बसवलं. गुडघे विसरून तिनं पायानं रेटा दिला, वर गेली आणि टाळी वाजवल्यासारखी खळखळून हसली. बोळातल्या बायका दारांत येऊन बघायला लागल्या.

उन्हं उतरल्यावर तिची ओटी भरली आणि आम्ही निघालो. अव्वा पुन्हा पुढंच बसली. "गाडी आता मीच चालवणार," शहाजी म्हणाला, "फक्त तुमी बोलत ऱ्हावा!" गाडी झोकात धावत होती. त्यानं गाणी लावली, श्रीदेवीनं सूर धरला. सगळ्यांचीच भीती ओसरली होती. पुढं अंधारून आलं तशी बोलणी थांबली. श्रीदेवी माझ्या खांद्याला रेलून झोपली. जडशीळ डोकं. मी हलले नाही, म्हटलं, दमलीय बिचारी.

सोलापूरच्या तोंडाशी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपाशी आलो. कारखाने सुटले होते, सायकलींची गर्दी होती. गाडी थांबली आणि खांबावरचा उजेड आत आला. श्रीदेवी पलीकडच्या काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. माझ्यापासून हातभर लांब. मधली जागा रिकामी होती. माझा खांदा मात्र अजून जड होता...

मी हाक मारली असेन, कारण श्रीदेवी दचकून जागी झाली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मधल्या जागेकडं.

अव्वानं मागं वळून बघितलं नाही. मांडीवरची ओटी सावरत ती मायेनं म्हणाली,

"सरकून बसा गं दोघी. मला घरापर्यंत सोडायला आलाय तो. अडचण होतीय त्याला."

आम्ही सरकलो. मधलं रेक्झिन करकरलं आणि हळूहळू खाली दबत गेलं.