जळता जळता राहिलेला चोथा

मुलांच्या वाफ्यातली मेथी आठवडाभरात पिवळी पडून मेली. असं का झालं, हे चंद्रवसाहतीतल्या मुलांना कळेना. ‘खुरप्या’ या यंत्रमानवाने तर वाफ्यात उपाहारगृहातला कॉफीचा चोथा जाडसर पसरला होता, तोही खत म्हणून. वसाहतीचे संचालक मोकाशी यांनी हुकूम काढला, ‘चोथा यापुढे भट्टीत जाळा आणि मुलांचा वाफा बंद करा.’

अकरा वर्षांची चार्वी भडकली. “इथे घमेलंभर माती करायला वर्ष जातं आणि हे चोथा जाळणार?” असं पुटपुटत ती सुनेत्राआत्याच्या प्रयोगशाळेत शिरली. आत्या मातीतज्ज्ञ होती.

आत्याने वाफ्यातून उचललेला चोथा तिला दाखवला. त्याची कडक पापडी झाली होती.

“यातून पाणी खाली उतरलंच नाही. शिवाय मातीतले सूक्ष्मजीव (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव) चोथा कुजवायला लागले. त्या कामाला नत्र (पानांच्या वाढीला लागणारं पोषक द्रव्य) लागतं. ते त्यांनी मातीतून ओढून घेतलं. मेथी उपाशी राहिली.”

“चोथ्यात नत्र नसतं?”

“असतं की. पण चोथा कुजेपर्यंत ते रोपांना मिळत नाही. त्यातच उरलेलं कॅफिन (कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य) कोवळ्या मुळांना सोसत नाही. चोथा आधी कुजवायचा, मग घालायचा.”

“हे मोकाशीकाकांना माहीत नव्हतं?”

“मी सांगितलं होतं. पण पृथ्वीवरून पाहुणे यायचे होते ना. बाग झटपट हिरवी दिसायला हवी होती, म्हणून त्यांनी चोथा न कुजवताच घालायला लावला.”

चार्वी तडक मोकाशींसमोर जाऊन उभी राहिली. “घाई तुम्ही केलीत आणि वाफा आमचा बंद?”

मोकाशी म्हणाले, “एका पिंपात चोथा कुजवून बघ. तोवर भट्टी थांबवतो.”

चार्वी आणि खुरप्याने थोडा चोथा, पुष्कळ वाळलेली पानं आणि भाज्यांची सालं पिंपात कालवली. पिंप आतून तापलं, म्हणजे सूक्ष्मजीव कामाला लागले होते. दोघं ते मिश्रण अधूनमधून खालीवर करत राहिले. काही महिन्यांनी त्याचं काळं, भुसभुशीत खत झालं. ते मातीत मिसळून पेरलेली मेथी हिरवीगार वाढली.

मोकाशी पृथ्वीवरून आलेल्या नव्या पाहुण्यांसाठी जुडी मागायला आले. चार्वीचा राग अजून गेला नव्हता.

“आधी हुकूम मागे घ्या.”

“घेतला. माझं चुकलंच.”

तिने जुडी त्यांच्या हातात ठेवली आणि घुमटाखालच्या उजाड, राखाडी जमिनीकडे बोट दाखवलं. “आता ती द्या. तिथे टोमॅटो लावायचेत.”