एका वेळी एकच

पुण्यात फ्लॅट घेतला म्हटलं की लोक पेढे मागतात, पण पार्किंगही मिळालं म्हटलं की गप्प होतात. भाग्यश्रीला दोन्ही मिळालं होतं, आणि तेही कसबा पेठेत, जिथे सायकल लावायलासुद्धा ओळख लागते.

लग्न झाल्यापासून ती आणि तेजस सदाशिव पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. तिथल्या फाटकावर मालकांनी पाटी लावली होती, 'येथे गाडी लावल्यास चाकातील हवेची जबाबदारी आमची नाही.' हवा नेमाने जायची आणि तेजस नेमाने स्कूटर ढकलत पंपावर जायचा. म्हणून नव्या टॉवरचा ताबा मिळाला त्या दिवशी भाग्यश्री फ्लॅट बघायला गेलीच नाही. ती आधी खालच्या तळघरात गेली आणि पिवळ्या पट्ट्यांच्या त्या रिकाम्या चौकोनात, आपल्या फ्लॅटच्या नंबरावर, चक्क मांडी घालून बसली. तेजसने फोटो काढून वर्ध्याला आपल्या आईवडिलांना पाठवला. "जागा मस्त हाय," बापूरावांचं उत्तर आलं, "पण चूल कुठी हाय?"

ती वाहतुकीच्याच धंद्यातली होती. एका खासगी कंपनीत चौकांचे आणि वळणांचे आराखडे करायची. त्यामुळे आनंदाच्या भरातही तिला पहिल्याच दिवशी खोट दिसली. बिल्डरने लॉबीत एक धबधबा बसवला होता आणि त्याची जागा तळघराच्या उतारातून काढली होती. उतार जेमतेम एका गाडीचा, मध्येच हाताच्या कोपरासारखा वळलेला. वरून खालचं दिसत नाही, खालून वरचं दिसत नाही, आणि तळघरात फोनला रेंज नाही. उपाय म्हणून वळणावर एक मोठा गोल फुगीर आरसा टांगला होता.

पहिल्याच आठवड्यात उतारावर दोन गाड्या समोरासमोर आल्या. मागे कोणी सरकायचं यावरून एवढा वाद झाला की रांग गल्लीत गेली आणि गल्लीची रांग चौकात. समोर शमशुद्दीनभाईंचं तांब्यापितळेचं पिढीजात दुकान होतं. ते पायरीवरून बघत म्हणाले, "टॉवरच्या आधी दुकानात ऊन यायचं. आता बंपर येतात."

मग सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी स्वतः मजकूर करून उताराच्या तोंडाशी पाटी लावली:

'खालच्याने एक हॉर्न देऊन थांबावे. वरून "येऊ द्या" ऐकू आल्यावरच यावे. एका वेळी एकच. ज्यांना घाई आहे त्यांनी रिक्षाने जावे.'

लोक हसले, पण नियम रुळला. तेजसचा हॉर्न तर भाग्यश्री झोपेतही ओळखायला लागली. इतका चोरून दिलेला, जणू हॉर्नचीही माफी मागतोय.

गाडी आली ती निळी. तिच्यात ठेवायला पितळेचा गणपती शमशुद्दीनभाईंकडूनच घेतला. तिला आवडलेली मूर्ती त्यांनी हातातून काढून घेतली. "ही नको, ताई. उजव्या सोंडेचा आहे. त्याचं सोवळं कडक, तो देवळातच बरा. तुम्ही गाडीत वडापाव खाणार." त्यांनी डाव्या सोंडेचा दिला. तेजसने तो डॅशबोर्डवर आपल्याकडे तोंड करून चिकटवला, तेव्हा सोंड नेमकी चालकाकडे वळली.

"बघ, बाप्पा माझ्या बाजूने," तेजस म्हणाला.

"असू दे. मोदक तर मीच देणार आहे," भाग्यश्री म्हणाली.

आरशातली गाडी तिने पहिल्यांदा पाहिली ती एका सकाळी, ऑफिसला निघताना. ती उताराच्या तोंडाशी तेजसची वाट बघत उभी होती. आरशात दोन दिवे दिसले, मागे गाडीचं निळं नाक. ती बाजूला झाली. कोणीच आलं नाही. मग हॉर्न वाजला, तिने "येऊ द्या!" अशी हाळी दिली आणि तेजस वर आला. तिने विचारलं तर म्हणाला, आत्ता कुठे गाडी चालू केली. फुगीर आरशात अंतराचा अंदाज चुकतो, हे तिला शिकवायला कोणी नको होतं. तिने विषय सोडला.

पण गाडी पुन्हा दिसली, आणि पुन्हा. दर वेळी वळणाच्या थोडी आणखी जवळ. दिवे लावून नुसती उभी असायची.

चौथ्या मजल्यावरची फरहत दातांची डॉक्टर होती, फालतू बोलणाऱ्यांतली नव्हती. एकदा लिफ्टमध्ये तिनेच विषय काढला.

"तुला आरशात गाडी दिसते का गं?"

"दिसते की!" भाग्यश्रीला एकदम हायसं वाटलं. "निळी. कुणाची आहे?"

फरहत तिच्याकडे वळली. "मला लाल दिसते," ती म्हणाली. तिची स्वतःची गाडी लाल होती. "परवा मी 'येऊ द्या' म्हणणारच होते. मग लक्षात आलं, हॉर्न तर वाजलाच नाही. म्हणून गप्प बसले."

लिफ्ट थांबली. भाग्यश्रीने ठरवलं की वास्तुशांत उरकली की आरसा बदलायचा अर्ज स्वतःच द्यायचा.

वास्तुशांत रविवारी होती. आदल्या दुपारी बापूराव आणि तेजसची आई मुक्ताई वर्ध्याहून येणार होते, आणि त्या दिवशी भाग्यश्रीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तेजसचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. ज्या बापाने जन्मभर एसटीच्या रांगा धरल्या, त्याला स्टेशनवरून स्वतःच्या गाडीत बसवून स्वतःच्या घराखाली उतरवायचं. पुढचं दार आपण उघडायचं, हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं. त्याने सकाळपासून दोनदा गाडी पुसली होती. तिने नवी साडी नेसली, गजरा माळला.

"आणतो गाडी," तो म्हणाला. जिन्याच्या दारातून मागे वळून हसला. "हॉर्न दिला की ओरड हं! गाणं म्हणत बसू नकोस."

ती उताराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. दुपारचं ऊन पाठीवर होतं, खालून थंड सिमेंटचा वास येत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"लोणी टेसन गेलं वो पोरी!" मुक्ताई ओरडूनच बोलत होत्या. "येऊन राहिलो आमी! गाडी आणली का तेजानं?"

"आणतोय, आई! हा काय—"

आरशात निळी गाडी होती. अगदी वळणावर. या वेळी आतलाही दिसला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, दोन्ही हात चाकावर. तेजस. किती गोड दिसत होता! तिचा ऊर भरून आला.

"हा काय, आलाच!" ती फोनमध्ये म्हणाली, आणि हात हलवत खाली मोठ्याने ओरडली, "येऊ द्या! येऊ द्या!"

गाडी हलली.

उताराच्या गुळगुळीत फरशीवर टायर नेहमी किंचाळायचे. आज आवाजच झाला नाही. गाडी वर आली आणि तिच्या पुढ्यात थांबली.

"ठेवते, आई, निघालोच!" तिने फोन पर्समध्ये टाकला, दार उघडलं आणि पदर सावरत आत बसली. "अरे, किती पटकन आलास! मी म्हटलं पुसत बसला असशील पुन्हा."

"तू बोलावलंस ना," तो म्हणाला.

तिने पट्टा ओढला. गाडीत नव्या गाडीचा वास नव्हता. सिमेंटचा होता.

गजऱ्यातलं एक फूल मांडीवर पडलं होतं. बाप्पाला वाहावं म्हणून तिने ते उचललं आणि डॅशबोर्डकडे हात नेला.

सोंड तिच्याकडे वळली होती.

तिने मूर्तीला बोट लावलं. मूर्ती घट्ट चिकटलेली होती.

हात तसाच राहिला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता, इस्त्रीच्या शर्टात, नीट भांगात, आणि हसत होता. जिन्याच्या दारात हसला होता तसाच. तेवढंच, तितकंच.

मग खालून हॉर्न वाजला.

एकदाच. चोरून दिल्यासारखा.

तिने ओरडायला तोंड उघडलं, पण त्या दोन शब्दांखेरीज काहीच आठवेना, आणि ते दोन शब्द तर वापरून झाले होते. ती दाराची कडी चाचपत राहिली. जिथे कडी असायची तिथे ती नव्हती.

त्याने मान वळवली. खिडकीतून आप्पासाहेबांची पाटी शांतपणे, पहिल्यांदाच बघतोय अशी वाचली.

"एका वेळी एकच," तो म्हणाला, आणि गाडी गल्लीत घेतली.

मागे उतारावर हॉर्न पुन्हा वाजला. तेजस नियमाप्रमाणे वाट बघत होता.