पुढच्या महिन्यातली बारा तारीख

मोरिवाकी पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याची छत्री ठिबकत होती आणि हातातला कागदही. जपानमधल्या आमच्या मात्सुएत पाऊस रोजचाच, त्याचं कुणाला कौतुक नाही. पण दारात ओल्या छत्र्यांसाठी ठेवलेली प्लास्टिकची पिशवी छत्रीला न घालता थेट ग्रंथालयात शिरणारा माणूस मी प्रथमच बघत होते.

"इंटरनेटवर मिळालं," तो म्हणाला. "जुन्या मालवाहू जहाजांबद्दल आहे. प्रबंधात चालेल ना?"

इंटरनेटवरचं काय भरवशाचं आणि काय नाही, हे विद्यार्थ्यांना शिकवणं हेच विद्यापीठात माझं काम. मी कागद वाळत ठेवला आणि नेहमीचे तीन प्रश्न विचारले. कुणी लिहिलंय? कशावरून लिहिलंय? कधी लिहिलंय? त्याला एकाचंही उत्तर येईना.

"सगळ्यांनाच असं धारेवर धरता का, हिराओकासान?"

"नाही. फक्त ओले कागद आणणाऱ्यांना."

तो हसला, आणि मग दर मंगळवारी येऊ लागला. माझ्याच वयाचा, तिशीला टेकलेला. घरचा सोया सॉसचा धंदा धाकट्या भावावर सोपवून शिकायला आला होता, एवढं त्यानेच सांगितलं. जहाजांबद्दल बोलताना त्याचे हात टेबलावर लाटा काढायचे... आणि मी त्या हातांकडे बघत बसायचे. सोमवारपासूनच माझं लक्ष दाराकडे असायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एकदा त्याने माझ्यासमोर कँटीनच्या आजच्या जेवणाचा कागद ठेवला.

"कुणी लिहिलं, तर आचाऱ्याने. कशावरून, तर चव घेऊन. कधी, तर आज सकाळी." तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "कागद पास झाला असेल तर जेवायला चला."

मी गेले. शिंपल्यांचं सूप पिता पिता त्याने विचारलं, येत्या रविवारी सरोवराकाठी सूर्यास्त बघायला याल का? मी म्हटलं, मंगळवारी सांगते. लगेच हो म्हणायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

आणि मग मी तेच केलं, जे माझ्या पेशातली बाई करणार. घरी जाऊन त्याचं नाव शोधलं. त्याच्या घरच्या दुकानाचं पान निघालं. वरच ठळक अक्षरांत सूचना होती: 'आमच्या थोरल्या मुलाचं लग्न असल्यामुळे पुढच्या महिन्यात बारा तारखेपासून दुकान तीन दिवस बंद राहील.' खाली त्याचं नाव, शेजारी नवऱ्या मुलीचं.

पुढच्या महिन्यात! महिन्याभरात बोहल्यावर चढणारा माणूस मला सूर्यास्त बघायला बोलावत होता. मी ते पान फटकन बंद केलं. खूप रडले, आणि स्वतःवरच चिडले.

मंगळवारी तो आला. त्या दिवशी छत्रीला पिशवी होती.

"रविवारचं..."

"जमणार नाही."

"या रविवारी, की..."

"कधीच."

"कारण विचारू?"

"नको."

त्याने वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. पुढे तो शेजारच्या टेबलाशी माझ्या सहकारिणीकडे जाऊ लागला. मार्चमध्ये प्रबंध संपवून त्याने गाव सोडलं. किती सभ्य माणूस, असं सहकारीण म्हणाली.

याला दोन वर्षं झाली. परवा पहिल्या वर्षाचा वर्ग होता. प्रत्येकाने आपल्या गावातलं इंटरनेटवरचं एक पान आणायचं आणि ते कितपत विश्वासाचं ते सांगायचं. कोतोने नावाच्या मुलीने पडद्यावर पान उघडलं आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला. तेच दुकान. तीच सूचना.

"हे पान बाद, मॅडम," ती म्हणाली. "नुसतं 'पुढच्या महिन्यात' लिहिलंय, साल नाही. पार तळाशी गेलं की तारीख सापडते. पाच वर्षं झाली, कुणी काढलंच नाही. शिवाय ते लग्न झालंच नाही. मुलीनेच मोडलं. म्हणून तर तो दादा घर सोडून शिकायला गेला."

म्हणजे मी वाचलं तेव्हाच ते तीन वर्षांचं शिळं होतं.

"आता कुठे असतो तो?" मी विचारलं. वर्गात हे विचारायचं काही कारण नव्हतं.

"हिरोशिमात शिकवतो. या वसंतात झालं त्याचं लग्न, तिथल्याच मुलीशी. माझी आई जाऊन आली." ती पेन सरसावून थांबली. "मग शेरा काय लिहू, मॅडम? पान खोटं आहे?"

"खोटं नाही," मी म्हटलं. "लिही, वाचणाऱ्याने तळापर्यंत बघितलं नाही. आणि ज्याच्याबद्दल होतं, त्याला विचारलंही नाही."

कोतोनेने ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. त्या कागदावर मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.