हाजराबीचं मत

मतदानाच्या दिवशी कस्तुरा सकाळी सहालाच चिखलीच्या शाळेत हजर झाली. अंगणवाडीची नोकरी, त्यामुळे निवडणूक आली की ड्युटी ठरलेलीच. पहिल्या टेबलावर परगावचे नवनाथ गुरुजी यादीत नाव शोधायचे, दुसऱ्यावर ती बोटाला शाई लावायची.

"ताई, नेलपॉलिश बेताची लावा, बायको संशय घेईल," नाइट शिफ्ट करून आलेला एक कामगार म्हणाला. रांग हसली. कस्तुराला हसू आलं नाही.

गेल्या वर्षी मिरवणुकीवर दगड पडला. तो मिरवणूक काढणाऱ्या पुढाऱ्याच्या, अण्णासाहेबांच्याच माणसानं अंगणवाडीच्या गच्चीवरून मारला होता, हे तिनं पाहिलं होतं. बोभाटा मात्र झाला तो भंगारवाल्या मुसलमानांच्या नावानं. तासाभरात गोदामं पेटली. एका पेटत्या गोदामाच्या खिडकीचे गज धरून भंगार निवडणारी हाजराबी ओरडत होती, तेही तिनं पाहिलं.

रात्री अण्णासाहेब घरी आले. "ताई, तुम्ही आपल्या धर्माच्या. पोराला चाकणच्या कंपनीत कायम करून देतो." दुसऱ्या दिवशी कस्तुरानं चौकीत सही केली, की हाजराबी आदल्या दिवशीच गावी गेली होती. मग प्रेत कुणी शोधलंच नाही. अण्णासाहेब धर्मरक्षक झाले, आणि आता उमेदवार.

दुपारी रांग ओसरली. उमेदवारांची माणसं जेवायला गेली. खोलीत जळक्या रबराचा वास येऊ लागला. वायर जळाली की काय, म्हणून गुरुजींनी बटणं चाचपून पाहिली.

"पुढचं नाव... हाजराबी," त्यांनी करपलेलं ओळखपत्र परत दिलं.

कस्तुरानं मान वर केली नाही. समोर हात आला होता. त्याच्या एकाही बोटाला नख नव्हतं.

"हाजरा... तू तर..."

"गावी गेले होते ना?" आवाज अगदी हळू होता. "तुम्हीच लिहून दिलंत, बाई. मेले म्हणून कुणी लिहिलं नाही, नाव यादीत तसंच राहिलं. मग यावं लागलं."

कस्तुराच्या हातातली काडी गळून पडली. त्या बोटानं सावकाश बाटलीत बुडी घेतली. तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी शाई चरचरली, कस्तुराच्या बोटांवर उडाली. पावलं पडद्याआड गेली. यंत्राची शिट्टी वाजली, वाजतच राहिली. बाहेर कुणीच आलं नाही.

चार वाजता अण्णासाहेब आले, कपाळभर टिळा लावून. "काय ताई, पोरगं खूश ना?" म्हणत त्यांनी बोट पुढे केलं.

तोवर आलेल्यांना कस्तुरा दुसऱ्या बाटलीतली शाई लावत होती; आता तिनं हाजराबीनं बोट बुडवलेल्या बाटलीकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर ते थांबले असते. ती बोलली नाही. खिडकीचे ते गज तिला दिसत होते. तिनं मुद्दाम जाड रेघ ओढली.

"आयला... भाजतंय! पाणी आणा रे!"

शाई नखावरून पेरावर गेली, पेरावरून मनगटावर. कातडी कोळशासारखी तडकू लागली. गाडीत घालेपर्यंत ती कोपराच्या वर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. अण्णासाहेब निवडून आले. चौकात गुलाल उधळला जात असतानाच दवाखान्यात त्यांचा जीव गेला. डॉक्टर म्हणाले, छातीत नुसता धूर भरलाय.

कस्तुराच्या हातावरचे डागही तोवर मनगटापर्यंत पसरले होते. ती तडक चौकीत गेली. गेल्या वर्षी तिचा जबाब घेणारे तेच फौजदार खुर्चीत होते.

"साहेब, मी खोटं लिहून दिलं. हाजराबी आत होती... दगड अण्णासाहेबांच्या माणसानं..."

ती बोलत गेली तशी मनगटावरची काळी कड बोटभर मागे, बोटांकडे सरकली.

"बस करा," फौजदार खेकसले. "गेलेल्या माणसाची बदनामी करता? कागद बंद झालाय, बाई. ती गावीच गेली होती." त्यांनी फाइल मिटली आणि डावा अंगठा खाजवला. मग तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"बंदोबस्तात होतो. मतसुद्धा दिलं नाही मी," ते पुटपुटले. "मग ही शाई..."

खोलीत जळक्या रबराचा वास दाटत चालला होता.